हुन्नर आणि हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दरूप)



संस्थेच्या आयुष्यातील पन्नास वर्षांचा टप्पा जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. गेल्या पन्नास वर्षांत काय उभे राहिले याची नोंद या स्मरणिकेच्या अन्य पानांवर होईलच. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र पुढच्या पन्नास वर्षांशी निगडित आहे. समाजातील तरुणाने आयुष्याची सुरुवात हाताच्या कौशल्याच्या व्यवसायातून करावी काय, करावी तर कशी, आणि त्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या पाठीशी कसे उभे राहावे, असा हा विषय आहे. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर, सुतार, शिंपी ही नावे अशा सभामंडपात उच्चारली की काही चेहऱ्यांवर थोडे आश्चर्य उमटते. ते स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच हा विषय मुद्दाम निवडलेला आहे.

दहावी-बारावीचा निकाल लागला की प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते. गुण चांगले असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य, आणि कमी असतील तर 'बघू या, नाहीतर दुकान आहेच.' या शेवटच्या वाक्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. ज्या दुकानाच्या भरवशावर हे वाक्य उच्चारले जाते, ते दुकान आजोबांच्या काळी एका कुटुंबाचे होते. वडिलांच्या काळी त्यावर दोन-तीन भावांचे संसार चालले. आज त्याच गल्ल्यावर पाच-सहा चुलत भावंडांची दृष्टी आहे. दुसरीकडे ग्राहक मोबाईलवर बोट फिरवून माल मागवतो आणि तो माल दोन दिवसांत त्याच्या दारी पोहोचतो. दुकान आहेच हे खरे. पण त्या दुकानात जागा आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य घरात कोणी दाखवत नाही. परिणामी पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि पंचविशीतला तरुण काकांच्या शेजारी गादीवर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत राहतो.

याच बाजारपेठेतील दुसरे दृश्य पाहा. त्याच दुकानातील वातानुकूलन यंत्र उन्हाळ्यात बंद पडते आणि कारागीर मिळण्यासाठी आठ-आठ दिवस विनवण्या कराव्या लागतात. सायझिंगच्या मालकाला चांगला जोडारी मिळत नाही. यंत्रमागधारकाला भरवशाचा जॉबर मिळत नाही, आणि मिळाला तर तो टिकत नाही. एका बाजूला काम नसलेले शिकलेले हात आणि दुसऱ्या बाजूला हातांविना अडलेले काम, असे हे चित्र आहे. ही विसंगती एकाच पेठेत, कित्येकदा एकाच इमारतीत नांदते.

असे का झाले? व्यापारी समाजाच्या मनोवृत्तीचे एक मूळ जुन्या म्हणीत सापडते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण घरोघरी ऐकवली जाते. या म्हणीत शेतकरी आहे, व्यापारी आहे, नोकरदारही आहे. परंतु कारागीर कोठेच नाही! नांगर घडवणारा, कापड विणणारा, घर बांधणारा हा मनुष्य त्या उतरंडीत कोणत्याही पायरीवर दिसत नाही. वास्तविक पाहता जैन परंपरेने मात्र त्याला विसरलेले नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील, म्हणजे नवव्या शतकातील, आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकवल्याचे वर्णन आहे : असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. यातील शिल्प म्हणजेच हस्तकौशल्य. वाणिज्याच्या शेजारी, त्याच पंक्तीत, त्याला मानाचे स्थान दिलेले आहे. समाजाने सहांपैकी वाणिज्य घट्ट धरले, अलीकडे विद्याही धरली, आणि शिल्प मात्र इतरांवर सोपवून दिले.

या सोपवण्यामागे केवळ अनास्था होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कौशल्य जन्माला बांधलेले होते. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार. बापाच्या हाताखाली लहानपणापासून राबून तो शिके. बाहेरच्याला त्या भात्याजवळ प्रवेश नव्हता आणि व्यापाऱ्याच्या मुलाला त्याची गरजही वाटत नव्हती. स्वातंत्र्यानंतर ही कोंडी फुटली. १९५० साली केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहू लागल्या. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारी कायदा आला. ज्या विद्येसाठी विशिष्ट घरात जन्म घ्यावा लागे, ती विद्या प्रवेश-अर्ज भरून मिळू लागली. ही फार मोठी सामाजिक घटना होती. अनेक समाजांतील मुले त्या दाराने आत गेली आणि त्यांचे संसार उभे राहिले. व्यापारी समाजातील मुले मात्र त्या दारावरून पुढे निघून गेली, कारण तेव्हा दुकानात जागा होती.

तथापि दक्षिण महाराष्ट्राच्या भूमीतील उदाहरणे वेगळेच सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे त्यांना रंगांधळेपणा असल्याचे ध्यानात आले आणि चित्रकलेचा मार्ग खुंटला. त्यांनी हार न मानता यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापन केले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंध संस्थानाच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसली आणि माळरानावर कारखाना उभा राहिला.

हे नांगर गावोगाव पोहोचवणाऱ्यांत एक जैन तरुण होता. कुंभोजमध्ये १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील, म्हणजेच पुढे अखिल महाराष्ट्राने ज्यांना कर्मवीर म्हटले ते, किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत खेडोपाडी फिरले. या भ्रमंतीतून त्यांनी खेड्यांचे दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. विद्यार्थ्याने हाताने श्रम करावेत आणि त्या श्रमाच्या बळावर शिकावे, ही 'कमवा आणि शिका' योजना त्यांनी महाराष्ट्राला दिली. शिकाऊ उमेदवारीचे तत्त्व याहून वेगळे काय आहे?

दुसरे उदाहरण सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांचे. घरचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय असताना ते बांधकामाच्या कंत्राटांकडे वळले. त्यांचे आरंभीचे भागीदार लक्ष्मणराव फाटक यांना रेल्वेतील नोकरीचा अनुभव होता. कामाची माहिती असलेला एक आणि भांडवल-हिशेब जाणणारा दुसरा, अशी ती जोडी होती. पुढे १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना आणि त्यानंतर विशाखापट्टणमची जहाजबांधणी, असा त्यांचा प्रवास झाला. जहाज आणि विमान गादीवर बसून तयार होत नाही, तेथे हजारो कुशल हात लागतात, हे या व्यापारीपुत्राने ओळखले होते.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते आणि तेच आजच्या भाषणाचे सार आहे. कारागिराजवळ हुन्नर असतो. परंतु हिशेब नसल्यामुळे तो कर्जात बुडतो. व्यापाऱ्याच्या मुलाजवळ हिशेब असतो. परंतु हुन्नर नसल्यामुळे तो दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहतो. हे दोन्ही एका व्यक्तीत एकत्र आले, तर त्या तरुणाला कोणाच्या गल्ल्याकडे आशेने पाहण्याची वेळ येणार नाही. व्यापारी घरातील मुलगा कौशल्याच्या व्यवसायात मागाहून येत असला, तरी रिकाम्या हाताने येत नाही. रोजमेळ, खतावणी, उधारीची वसुली, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. ही शिदोरी मोठी आहे.

आता प्रत्यक्ष आरंभ कसा करावा, हे पाहू.

पहिली पायरी निवडीची. व्यवसायाची निवड नावावरून अथवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून करू नये. सुट्टीत पंधरा दिवस एखाद्या कारागिराच्या सोबत उभे राहावे, त्याची हत्यारे उचलून द्यावीत आणि काम डोळ्यांनी पाहावे. कोणाला उंचीवर चढण्याचे भय वाटते, कोणाला भट्टीची धग सोसत नाही, कोणाला तासन् तास एका जागी बसून बारीक काम करण्यात गोडी वाटते. हे पंधरा दिवसांत कळते. शारीरिक पात्रताही तपासावी. विजेच्या तीन फेजांच्या तारा लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांनी, न्यूट्रल काळ्या आणि अर्थिंग हिरव्या रंगाने ओळखण्याची रूढ पद्धत आहे. रंग ओळखण्यात दोष असलेल्याने तारतंत्री होणे धोक्याचे. मात्र तोच तरुण उत्तम कातारी होऊ शकतो. एक मार्ग बंद झाला म्हणजे सर्व मार्ग बंद झाले असे नव्हे, हे लक्ष्मणरावांनी दाखवून दिलेलेच आहे.

दुसरी पायरी शिक्षणाची. आयटीआयमध्ये बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण, तर काहींना आठवी उत्तीर्ण ही पात्रता चालते. जोडारी, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आणि संधात्याचा एक वर्षाचा. मुलींसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र महिला आयटीआयही आहेत. आणि त्यांनी केवळ शिवणकामच शिकावे असा कोठेही नियम नाही. अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. 'मुलाचे शिक्षण तेथेच थांबेल' ही पालकांची शंका आता निराधार आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या पदवीचाही मार्ग खुला राहतो. ज्याला शिकवण्याची आवड आहे तो निदेशकाचे प्रशिक्षण घेऊ शकतो.

या शिक्षणाचे आरंभीचे दिवस मात्र मुलाची परीक्षा पाहतात. जोडाऱ्याला सुरुवातीला दिवसचे दिवस लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासावा लागतो. पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे गुण्याच्या फटीतून येणारा उजेड सांगतो. तेथे वशिला चालत नाही. व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचावा लागतो. संधात्याला आधी नुसती सरळ रेघ ओढता आली पाहिजे. हाताला फोड येतात, घरी आल्यावर जेवण जात नाही, आणि 'हे काय करून घेतलेस' असे आई म्हणते. नेमक्या याच दिवसांत मुलगा परत फिरण्याची शक्यता अधिक. घरच्यांनी या काळात त्याला उपहासाचा एक शब्दही ऐकवू नये.

तिसरी पायरी शिकाऊ उमेदवारीची. ही पायरी गाळून थेट स्वतंत्र व्यवसायाची घाई करणे म्हणजे मोड न कळता दुकान मांडण्यासारखे आहे. आयटीआयमध्ये बिघाड मुद्दाम केलेला असतो. कारखान्यात तो न सांगता येतो, आणि उत्पादन थांबलेले असताना, मालक डोक्यावर उभा असताना तो शोधावा लागतो. उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते आणि अखेरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. येथे सभागृहातील कारखानदार बंधूंनीही लक्ष द्यावे. २०१९ मधील नियमबदलानंतर ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्या लहान आस्थापनांना ते स्वेच्छेने घेता येतात. कुशल माणूस मिळत नाही ही तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने, तो घडवण्यासाठी आपल्या कारखान्यात किती जागा ठेवल्या, हेही स्वतःला विचारावे.

कापडाच्या धंद्याशी निगडित असलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि कालांतराने ते गाव वस्त्रनगरी झाले. या नगरीत वहिफणीचे काम करणारे कारागीर आहेत. बिमावरील हजारो धागे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवण्याचे हे काम. एक धागा चुकला तर ती चूक साऱ्या ताग्यात उतरते आणि पेढीवर बसलेला व्यापारी तो तागा नापसंत करतो. व्यापाऱ्याची पत अशी एका न दिसणाऱ्या माणसाच्या बोटांवर उभी असते. साध्या मागावरचा जॉबर धोट्याच्या आवाजावरून बिघाड ओळखत असे. रेपियर आणि एअरजेट मागांवर आता इलेक्ट्रॉनिक पाट्या आहेत, आकृत्या वाचाव्या लागतात, संगणकाच्या पडद्यावरील सूचना समजाव्या लागतात. जुन्या जॉबरचा कान आणि नव्या मुलाचे शिक्षण यांची सांगड घालणारा तरुण आज हवा आहे. हे काम केवळ अंगमेहनतीचे राहिलेले नाही, बुद्धीचेही झाले आहे.

चौथी पायरी स्वतंत्र व्यवसायाची. आणि हुन्नराला हिशेबाची गाठ येथेच पडते. समजा, एक तरुण वीजतंत्री स्वतंत्र काम सुरू करतो. घरखर्चासाठी त्याला महिना १८,००० रुपये लागतात. हत्यारे, दुचाकी, पेट्रोल यांचे ३,००० रुपये. एकूण २१,०००. तो हिशेब करतो की महिन्याचे २६ दिवस काम, म्हणून रोजचे साधारण ८०० रुपये घ्यावेत. हिशेब बरोबर दिसतो. पण तो चुकलेला आहे. कारण २६ दिवसांपैकी काही दिवस जागा पाहून अंदाजपत्रक देण्यात जातात, काही माल आणण्यात, काही अडकलेले पैसे मागण्यात. मोबदल्याचे दिवस उरतात १८. म्हणजे हाती येतात १४,४०० रुपये आणि तूट येते ६,६०० रुपयांची. ही तूट तो उधारीने भरतो. वर्षभरात तो कर्जबाजारी होतो आणि लोक म्हणतात, या धंद्यात काही राम नाही. वस्तुतः धंद्यात दोष नव्हता. त्याचा योग्य दर सुमारे १,१७० रुपये रोज होता आणि तो त्याला काढता आला नाही. खपलेला माल, घसारा आणि रिकामे दिवस धरून भाव काढणे हे कापड दुकानातील मुलाला सांगावे लागत नाही. कारागिराच्या मुलाला ते कोणी शिकवलेले नसते.

म्हणूनच पहिल्या दिवसापासून रोजमेळ लिहावा. घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवावा. तोंडी भाव सांगू नये, लिहून द्यावा आणि त्यात माल व मजुरी स्वतंत्र दाखवावी. मालासाठी आगाऊ रक्कम घ्यावी. हत्यारे आरंभी मोजकी पण उत्तम घ्यावीत. दिखाऊ दुकानात भांडवल अडकवू नये. २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य होते, ती करून घ्यावी. २०१५ मध्ये आलेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते. परंतु कर्ज मिळते म्हणून घेऊ नये, हत्यार कमाई वाढवणार असेल तरच घ्यावे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तरीही पावती देण्याची सवय पहिल्या कामापासून लावावी. विजेच्या कामासाठी शासनाचा परवाना आवश्यक असतो, तो मिळवल्याखेरीज कोणाच्याही जीवाशी खेळू नये.

या मार्गातील अडचणी लपवून ठेवणे योग्य होणार नाही. पहिली तीन-चार वर्षे उत्पन्न तुटपुंजे असते. बांधकाम व्यावसायिक पैसे थकवतात. काम धोक्याचे असते : वेल्डिंगचा प्रखर प्रकाश डोळ्यांना इजा करतो, अर्थिंगकडे दुर्लक्ष झाले तर प्राणावर बेतते, शिडीवरून पडलेला कारागीर महिनोन् महिने घरी बसतो. हातमोजे, चष्मा, सुरक्षा पट्टा आणि अपघात विमा यांवरचा खर्च हा खर्च नसून भांडवल आहे. चाळिशीनंतर शरीर पूर्वीसारखे साथ देत नाही, म्हणून तोपर्यंत हाताखाली चार माणसे तयार करून स्वतः देखरेखीकडे वळावे लागते. येथेही पुन्हा हिशेब जाणणाराच टिकतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण या कशातही नाही. ती वधूवर मेळाव्यात आहे. मुलगा काय करतो, या प्रश्नाला 'फिटर आहे' असे उत्तर आले की समोरचा मनुष्य परिचय-पुस्तिकेचे पान उलटतो. तोच मुलगा एखाद्या शहरात कार्यालयात बसून निम्म्या पगारावर संगणकात आकडे भरत असेल, तर त्याच्या नावापुढे खूण केली जाते. ही गोष्ट कटू आहे. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलली गेली नाही तर कोठे बोलली जाणार? मुलाने हाताचा व्यवसाय निवडावा की नाही हे आयटीआयच्या प्रवेशखिडकीवर ठरत नाही. ते समाजाच्या नजरेत ठरते. काळवंडलेल्या हाताने मिळवलेला पैसा घेताना कोणीच तो धुऊन घेत नाही, मग त्या हाताला मुलगी देतानाच संकोच का व्हावा?

यास्तव काही सूचना विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. शिष्यवृत्तीच्या यादीत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जोडीने आयटीआयचा स्पष्ट उल्लेख असावा. गुणगौरव समारंभात व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींना करंडकाऐवजी त्यांच्या व्यवसायाची हत्यारपेटी द्यावी. करंडक कपाटात राहतो, हत्यारपेटी घर चालवते. समाजातील कारखानदारांनी दरवर्षी प्रत्येकी किमान एक शिकाऊ उमेदवार घेण्याचा संकल्प करावा आणि तो घेताना जात-समाज पाहू नये. वधूवर परिचय-पुस्तिकेत व्यवसायाच्या रकान्यात तारतंत्री, जोडारी हे शब्द संकोच न करता छापावेत. आणि सर्वांत सोपी, बिनखर्चाची सूचना अशी की, दुकानातून निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी रविवारी सकाळी दोन तास संस्थेच्या सभागृहात तरुण कारागिरांसाठी हिशेबाचा वर्ग चालवावा. भाव कसा काढावा, रोजमेळ कसा लिहावा, उधारी कशी वसूल करावी, एवढेच शिकवावे. वर्ग सर्व समाजांतील कारागिरांना खुला असावा. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या समाजाला नांगर दिले, घरे दिली, वस्त्रे दिली, त्यांना व्यापारी समाज आपल्याजवळचे ज्ञान देऊ शकला, तर ते खऱ्या अर्थाने ज्ञानदान होईल.

तरुण मित्रांना अखेरीस एवढेच सांगणे आहे की, पदवी आणि कौशल्य यांत वैर नाही. वाणिज्य शाखेत पदवी घेतलेल्या तरुणानेही वातानुकूलन दुरुस्तीचा अभ्यासक्रम अवश्य करावा. त्याची पदवी वाया जाणार नाही, उलट तीच त्याला इतरांच्या पुढे नेईल. आणि पालकांनी पुढच्या निकालाच्या दिवशी 'दुकान आहेच' असे म्हणण्यापूर्वी मुलाला एकदा विचारावे, 'तुला हाताने काय करायला आवडते?' या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांत तयार असेल; ते विचारणारा मात्र हवा आहे.

संस्थेच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा देऊन हे व्याख्यान येथे पूर्ण करण्यात येत आहे.